बुडतं की तरंगतं

हिवाळा सरायच्या आत विहिरीनं तळ दाखवला आणि आबांना पुन्हा काम मिळालं.

गावात सगळ्यांची तोंडं उतरलेली. चार दिवसांआड टँकर यायचा आणि त्याच्यापुढं हंडे, कळश्या, डबे, फुटकी कढईसुद्धा रांगेत लागायची. आबांच्या घरचा हौदही कोरडा पडला. तळाशी चार बोटं गाळ, त्यात एक बेडूक, तोही तिसऱ्या दिवशी निघून गेला. आणि चौथ्या दिवशी सकाळी आबांनी पत्र्याचा डबा अंगणात काळ्या दगडापाशी नेऊन उपडा घातला, त्यावर बसले, धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि म्हणाले, "आणा काय आणायचं ते."

घर भंगाराचं. मुलगा तीनचाकी घेऊन दहा-बारा गावं फिरायचा आणि लोकांनी टाकलेलं गोळा करून आणायचा. आणलेलं निवडायचं हा घरच्यांचा धंदा. लोखंडाचं सोपं, चुंबक लावलं की चिकटतं. तांब्या-पितळेला कानस मारली की आतला रंग दिसतो. काच, काच असल्याचं लपवत नाही. खरी भानगड प्लास्टिकची. फुटक्या बादल्या, टब, खुर्च्यांचे पाय, फण्या, नळ्या, खेळण्यातल्या मोटारी. सगळं एकाच रंगात मिळतं, एकाच दुकानात मिळतं, आणि तरीही दोन जातींचं असतं. एक पाण्यावर तरंगतं, एक बुडतं. गावाबाहेरच्या कारखान्याला तरंगणारं लागायचं. ते वितळवून तिथं नवे टब व्हायचे. त्यात बुडणाऱ्यातले मूठभर तुकडे जरी गेले तरी ते यंत्रात जळायचे, नाकाला झोंबणारा धूर निघायचा आणि आतला सगळा रस काळा पडायचा. अशा वेळी कारखान्यातली माणसं ज्या शब्दांत बोलायची ते शब्द मुलगा घरी सांगत नसे.

तीस वर्षं आबांनी हे निवडकाम कानानं केलं. तुकडा उचलायचा, हातभर उंचीवरून काळ्या दगडावर टाकायचा आणि ऐकायचं. तरंगणारं 'थप्प' बोलतं. बुडणारं 'टक्क' बोलतं. थप्प डावीकडं, टक्क उजवीकडं. तासाला तीनशे तुकडे. आबांना ही सवय इतकी जडली होती की सुनेच्या माहेरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी पाण्याच्या पेल्याला टिचकी मारून ऐकलं होतं. "माणसं चांगली आहेत," परत येताना ते म्हणाले होते, "पेला जाड आहे."

ही सून बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली. घरात आल्यावर पंधरा दिवस तिनं हा थप्प-टक्क प्रकार पाहिला आणि सोळाव्या दिवशी म्हणाली, "आबा, हौदात टाकलं तर? हलकं ते वर येईल, जड ते खाली जाईल. पाच मिनिटांत पोतंभर."

आबांनी विचार केला. "म्हणजे मग डोकं लागणारच नाही?"

"नाही."

"मग तो धंदा कसला?"

पण हौदात टाकून पाहिलं आणि खरंच पाच मिनिटांत पोतंभर झालं. त्या दिवसापासून सहा वर्षं आबा ओट्यावर बसून होते. सगळे म्हणायचे, आता आराम करा. आराम करणं हे आबांना न जमणारं एकमेव काम होतं. ते ओट्यावरून हौदाकडं बघत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "ते लाल झाकण बुडणार बघ." ते बुडायचं. त्याचं कौतुक करायला कुणाला सवड नसायची.

आता हौद कोरडा होता आणि आबा डब्यावर होते. पहिल्या दिवशी त्यांनी सकाळभर काम केलं. गुडघा चढला, बोटांची पेरं सुजली; पण दुपारी जेवायला बसले ते अशा थाटात, की जणू परगावाहून मोठी जोखीम पार पाडून आले आहेत. सुनेनं वाढलं, तर म्हणाले, "पाणी माल निवडतं, पण माल ओळखत नाही. कळलं का पोरी?"

"कळलं आबा."

"काय?"

"कळलं म्हटलं!"

"ओरडतेस कशाला?"

इथं कुणीतरी विचारील, की हौद नसला तरी घरात बादली नव्हती का? आणि तुकडा बुडवून बघितल्यानं पाणी थोडंच संपतं? बादली होती. पाणीही संपत नाही. हे सुनेला पहिल्याच दिवशी सुचलं होतं, मुलाला दुसऱ्या दिवशी. दोघांनी ते एकमेकांना सांगितलं आणि मग दोघांनीही अंगणाकडं पाहिलं. आबा एक निळा तुकडा दगडावर टाकून, मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होते. सहा वर्षांत त्यांचा चेहरा इतका कामात नव्हता. "बादली लहान आहे," मुलगा म्हणाला. "हो, फारच लहान," सून म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

तिसऱ्या दिवशी सून कोपऱ्यात काच वेचत होती. आबांनी राखाडी नळीचा तुकडा टाकला. टक्क. अगदी स्वच्छ टक्क, कोंबडीनंसुद्धा मान वर केली. आबांनी तो डावीकडं टाकला.

तिला वाटलं, नजरचूक. मग एक फणी. टक्क. डावीकडं. मग खेळण्यातलं चाक. टक्क. डावीकडं. आबांचा चेहरा समाधानी. "हल्लीचा माल बघ कसा झालाय," ते म्हणाले. "सगळंच हलकं. पूर्वी दहात चार बुडायचे. आता सगळं जग तरंगतंय."

सुनेच्या लक्षात आलं. जेवताना "काय?" म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. आबांच्या कानातून आवाज गेले नव्हते; त्यातले बारीक, टोकदार आवाज तेवढे गेले होते. बैलगाडी ऐकू येत होती, मुलाची हाक येत होती. टक्क गेला होता. त्यांच्या कानाला सगळं थप्प होतं.

सांगणार कोण? मुलाला म्हणाली तर तो टोपी काढून डोकं खाजवत बसला. "तू सांग. तू शास्त्र शिकलीस."

"कान तुमच्या वडिलांचे आहेत."

"म्हणून तर."

शेवटी तिनं आपला मार्ग काढला. दुपारी आबा झोपले की डाव्या ढिगापाशी बसायचं आणि नखानं निवडायचं. तरंगणाऱ्याला मेणासारखा गुळगुळीतपणा असतो, नख ओढलं की ओरखडा उठतो. बुडणारं नखाला दाद देत नाही. चारच्या सुमाराला तिचं नख झिजून कातड्याला लागलेलं असायचं, पण चुकलेले तुकडे उजवीकडं गेलेले असायचे. टँकरचा नेमका दिवस कधीच ठरलेला नसायचा, म्हणून मग ती रोज हंडे घेऊन रांगेला जायची. आबा उठायचे, दोन्ही ढीग बघायचे आणि तोंड धुतल्यासारखं करायचे. पाणी नसल्यामुळं नुसतंच तोंडावरून हात फिरवायचे.

असे बारा दिवस गेले. चौदा पोती भरली. मुलगा ती कारखान्यात घेऊन गेला आणि संध्याकाळी चौदाच्या चौदा परत घेऊन आला.

कारखान्याच्या फाटकावर माल तपासणारा एक माणूस होता. त्याला सगळे चिमटा म्हणायचे, कारण त्याच्या हातात कायम चिमटा असायचा. पोत्यात हात घालून तो तुकडा काढायचा, चिमट्यात धरून पेटवायचा आणि विझवून वास घ्यायचा. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला तर मान डोलवायचा. नाकाला झोंबलं तर पोतं बाजूला. आज त्यानं पाच पोत्यांतून पाच तुकडे काढले, तीन झोंबले.

"काय म्हणाला?" सुनेनं दबक्या आवाजात विचारलं.

"म्हणाला, पुढच्या खेपेला एक जरी पोतं असं निघालं तर परत इकडं फिरकू नका. शेजारच्या गावचे दारात बसलेतच."

"असं होणारच नाही. मी स्वतः सगळं..." तिनं जीभ चावली.

आबा ओट्यावरून बघत होते. त्यांना शब्द ऐकू गेले नव्हते, पण चौदा पोती परत आलेली दिसायला कान लागत नाहीत. ते उठले, एका पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. मग आत गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी पोती परत अंगणात ओतली. आता आबा प्रत्येक तुकडा तीनदा टाकत होते. तीनदा टाकायचा म्हणजे दोनदा तो उसळून लांब जायचा आणि आबा त्याच्या मागं गुडघ्यावर रांगत जायचे. कोंबड्या बाजूला व्हायच्या. एकदा एक झाकण घरंगळत सुनेच्या पायापाशी आलं. ती उचलून द्यायला वाकली, तर आबा म्हणाले, "राहू दे. मी घेतो." आणि त्यांनी ते घेतलं. तिनं काचेच्या ढिगात तोंड घातलं आणि तिला एक बाटली बराच वेळ पुसावी लागली.

त्या दिवशी टँकर येणार नाही हे रांगेत आधीच कळलं. त्यामुळं सून रांगेतून रिकामे हंडे घेऊन लवकर परतली आणि तिला दिसलं, की आबा आत पाठ टेकून पडलेत आणि आई, म्हणजे तिची सासू, पदर खोचून उजव्या ढिगापाशी बसल्यात. त्यांनी राखाडी नळीचा तुकडा उचलला, निरखून पाहिला आणि डाव्या ढिगात टाकला. मग फणी. डावीकडं. मग चाक. डावीकडं.

"आई!"

आई दचकल्या नाहीत. त्यांना घरात येऊन बेचाळीस वर्षं झाली होती. त्या घरात दचकण्याची पाळी इतरांवर यायची. "आलीस? पाणी नाही?"

"हे तुम्ही काय करताय?"

"कुणीतरी रोज ह्यांचे ढीग विस्कटतंय. कोंबड्या असतील नाहीतर मांजर. मी रोज नीट लावते. दुपारी माझा डोळा लागतो तेवढा सोडला, तर मी दारात बसून सगळं बघते ना. ह्यांनी काय कुठं टाकलं ते मला पाठ आहे. ही फणी डावीकडं टाकली होती."

सून हंड्यांसकट खाली बसली. "आई, मांजर मी आहे."

आईंनी टाकलेली फणी परत उचलली.

"आबांना ऐकू येत नाही. ते चुकतात. मी दुपारी नखानं तपासून बरोबर लावते. आणि तुम्ही..." तिला हसू आलं आणि ते वाटेतच रडू झालं. "बारा दिवस, आई! माझं नख गेलं!"

"ह्यांना ऐकू येत नाही हे तू मला सांगतेस?" आई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. मी एकटीच बोलते आणि एकटीच भांडते. माणसाचं ऐकू येत नाही त्यांना. पण वस्तूचं येत असेल असं मला वाटलं."

"असं असतं का आई?"

"मला काय माहीत? शास्त्र तू शिकलीस." त्यांनी हातातली फणी पदरानं पुसली. "मला वाटलं, तीस वर्षं ऐकलं त्यांनी. माझं एवढं मन लावून कधी ऐकलं नाही. तेवढं तरी राहिलं असेल."

दोघी ढिगाकडं बघत बसल्या. तो ढीग आता नक्की कुणाचा आणि किती खरा, हे सांगता येणं शक्य नव्हतं. दोघींच्या मायेनं त्याची पार वाट लागली होती.

"परवा माल न्यायचाय," सून म्हणाली. "बादली काढू या?"

"काढायची. पण त्यांना ओट्यावर बसवून नाही," आई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर. आणि ती बादली मी काढते. तू नको."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. त्या घरात पाणी आलं की अंघोळीची पहिली बादली आबांची, हा पाळीचा नियम होता. चार दिवसांत एकदा. आईंनी ती बादली न्हाणीत न ठेवता अंगणात, काळ्या दगडाला लागून ठेवली. आबा खांद्यावर पंचा टाकून आले आणि थबकले.

"इथं? लोक बघतील."

"तुम्हाला बघायला कोण येतंय?" आई त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाल्या. "आधी माझी एक शंका फेडा. तुमचा दगड काय म्हणतो आणि हे पाणी काय म्हणतं, ते मला बघायचंय."

"अंघोळीच्या पाण्यात?"

"तुम्ही त्यात उतरल्यावर ह्याहून काय स्वच्छ राहणार आहे?"

आबा डब्यावर बसले. सून दाराशी उभी राहिली. मुलगा तीनचाकीचं चाक उगाचच घट्ट करत होता. ते सकाळीच घट्ट झालेलं होतं.

आबांनी बादलीच्या कडीचा तुकडा टाकला. "थप्प. तरंगणार." आईंनी तो पाण्यात सोडला. तरंगला.

टबाचा काठ. "थप्प. तरंगणार." तरंगला. आबांनी सुनेकडं अशी नजर टाकली, की सहा वर्षांच्या हौदाचा हिशेब चुकता झाला.

मग राखाडी नळी. दगडावर पडली. टक्क. मुलाचा पाना थांबला.

"थप्प," आबा म्हणाले. "तरंगणार."

आईंनी तुकडा पाण्यात सोडला. हात मात्र बाहेर काढला नाही. तुकडा पाण्याच्या वर, अर्धा ओला, अगदी डौलात तरंगत राहिला. सुनेला दारातून दिसलं, की सासूबाईंची बांगडी पाण्यात आहे आणि बोटं तुकड्याच्या खाली आहेत.

"बघा," आई म्हणाल्या. "तरंगलं."

आबा बघत होते. तुकड्याकडं बघत होते, मग बांगडीकडं. बराच वेळ. डोळे त्यांचे अजून चांगले होते. हे आई त्या घाईत विसरल्या होत्या.

"हात काढ," आबा म्हणाले.

"कशाला? दिसतंय की."

"अगं, हात काढ. पाणी गार आहे."

आईंनी हात काढला. तुकडा सरळ तळाला गेला. तिथं तो आपटला, तेव्हा काहीतरी आवाज झाला असणार.

 आबांनी बाही वर करून बादलीत हात घातला, तुकडा बाहेर काढला, पुन्हा दगडावर टाकला आणि मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा टाकला. मग दगडाचा हादरा कळतो का म्हणून शेजारी तळहात टेकून टाकला. मग तुकडा पंचानं पुसून शांतपणे उजवीकडं ठेवला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही, त्यामुळं आईंनी उत्तर दिलं. कानाशी जाऊन नाही, समोर बसून, चार बोटं दाखवून.

"चार वर्षं? आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की," आई म्हणाल्या. "चार वर्षं बोलतेच आहे."

हे त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण ते हसले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट हलवून. मग डबा पुढं ओढला आणि डाव्या ढिगात दोन्ही हात घातले. "पोरी, चाळणी आण. वरचं तू काढ, तळाचं मी काढतो. आणि तू रे, त्या चाकाला किती पिळतोस? तुटेल ते."

दिवसभर ते एकाच बादलीवर चाललं. पाण्याचा रंग चहासारखा झाला, मग त्याहून पुढं गेला. आबा प्रत्येक तुकडा आधी दगडावर टाकायचे, आपला निकाल मोठ्यानं सांगायचे आणि मग पाण्यात सोडायचे. चुकले की स्वतःच मान हलवून म्हणायचे, "हरलो." बरोबर आले की काही म्हणायचे नाहीत, नुसतं सुनेकडं बघायचे. दुपारी झोपले नाहीत. अंघोळ राहून गेली. संध्याकाळी चौदा पोत्यांची साडेअकरा झाली. बाकीचं बुडालं होतं.

माल न्यायच्या दिवशी आबा म्हणाले, "मी येतो." ते तसेच, पाच-सहा दिवसांचे पारोसे, मागं पोत्यांवर बसले. सून त्यांच्या शेजारी बसली, कारण ती बसली नसती तर आईच बसणार होत्या.

चिमट्यानं पोती उतरवायला लावली. पहिल्या पोत्यातला तुकडा काढला, पेटवला, विझवला, हुंगला.  दुसरं पोतं. तिसरं.  तो बेटा आज पाचांवर थांबला नाही, साडेअकराच्या साडेअकरा पोत्यांत हात घातला. अर्ध्या पोत्यातला तुकडा तर त्यानं दोनदा पेटवला. मग चिमटा खाली केला आणि आबांकडं बघून पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला.

सुनेनं ऐकलं होतं. ती आबांच्या कानाकडं वाकणार, एवढ्यात आबा एक पाऊल पुढं झाले. ह्याआधी कुणी असं पुटपुटलं की ते नुसती मान डोलवायचे आणि मागाहून लोकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत बसायचे.

"साहेब, मोठ्यानं बोला," आबा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

चिमटा गोंधळला. मग त्यानं छाती भरून घेतली.

"माल चांगला आहे, बाबा!"

फाटकावरचा पहारेकरी वळला. रांगेत उभ्या असलेल्या शेजारगावच्या तीनचाकीतून दोन माणसांनी डोकी बाहेर काढली. कारखान्याच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली.

"काय?" आबांनी कानामागं हात धरला.

"माल एक नंबर आहे! असाच आणत जा!"

"परत एकदा?"

चिमट्यानं परत एकदा सांगितलं, ह्या वेळी चिमटा हलवून. आत यंत्रावर काम करणारी माणसंसुद्धा दाराशी आली. आबांनी सावकाश मान डोलवली, पंचा झटकला आणि तीनचाकीत जाऊन बसले.

तीनचाकी परत निघाली. गाव जवळ आल्यावर सुनेनं हळूच, अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आबा, तो दुसऱ्यांदा ओरडला ते तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

"काय?" आबा म्हणाले, आणि रस्त्याकडं बघत राहिले.